टायटॅनियमच्या सायकलीचा निळा सांधा

टायटॅनियमची फ्रेम म्हणजे ना गंज ना तडा, असं पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. गंजाचं खरं आहे. तडा जाणार की नाही, हे मात्र वेल्डरच्या हातावर ठरतं; घडीची फ्रेम बनवून घ्यायची असेल तर जास्तच.

नेहमीच्या फ्रेममध्ये नळ्यांचा त्रिकोण भार वाटून घेतो. घडीच्या सायकलीत बहुधा एकच जाड नळी असते, आणि तीही मध्येच कापून बिजागरी बसवायची. वाकवणारा जोर जिथे भरपूर, तिथेच सांधे! टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या निम्मी. पण नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास सव्वापट केला की उणीव भरून निघते, कारण ताठरता व्यासाच्या घनाने वाढते.

खरी मजा सांध्यात. थंड टायटॅनियमवरचा काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर त्याला गंजू देत नाही. सुमारे ४३० अंश सेल्सिअसच्या वर मात्र धातू तो थरच गिळू लागतो. ऑक्सिजनचे अणू स्फटिकजालाच्या फटींत शिरतात (दर १०० अणूंत जवळपास ३० सामावू शकतात), मग अणूंचे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. असा धातू वाकत नाही, तडकतो. टायटॅनियम वितळतं १६६८ अंशांना, म्हणजे निवताना हजारभर अंशांचा उतार हवेपासून झाकायचा. भोसरीच्या शेडमध्ये ज्याला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात तेच हे. फक्त इथे आर्गन (कशाशीही संयोग न करणारा, हवेला दूर ठेवणारा वायू) नळीच्या आतही भरावा लागतो आणि वेल्ड संपल्यावरही सोडत राहावा लागतो, कारण बिजागरीचा ठोकळा पातळ नळीपेक्षा उशिरा निवतो. बोटांचं तेल आणि जुलैतली ओलही चालत नाही. त्यातून हायड्रोजन शिरतो.

पारख रंगावरून. चांदीसारखा सांधा उत्तम, फिकट पिवळा चालेल, निळा-जांभळा धोक्याचा, पांढरी भुकटी दिसली तर कापून टाका. हे रंग ऑक्साइडच्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या मिसळण्यातून उमटतात, पावसात डिझेलच्या तवंगावर दिसतात तसे. ब्रशने रंग घासून जातो, आत शिरलेला ऑक्सिजन नाही. (विजेच्या दाबाने थंड फ्रेमवर मुद्दाम चढवलेला निळा रंग वेगळा, तो निरुपद्रवी.)

टायटॅनियमची माळ घातली की शरीरातली ‘ऊर्जा संतुलित’ होते, असं सांगून ती विकणारेही आहेत. अहो, हा धातू शरीराशी जवळपास काहीच करत नाही, म्हणून तर हाडांच्या रोपणात वापरतात!

बिजागरीची खीळ मात्र पोलादीच घ्या आणि ब्राँझच्या बुशमध्ये (खिळीभोवतीच्या नळकांड्यात) ग्रीस लावून बसवा. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की दोन्ही चिकटून खरवडतात.