'की फॉरवर्ड'च्या खांद्यावरचे ओझे : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

८ जून २००९ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या 'क्वीन्स बर्थडे'च्या सुटीच्या सोमवारी, मेलबर्न क्रिकेट मैदानावर मेलबर्न आणि कॉलिंगवूड हे दोन जुने प्रतिस्पर्धी क्लब समोरासमोर आले. मराठी वाचकाला हे मैदान बॉक्सिंग डे कसोटीमुळे परिचित आहे; परंतु तेथील लोकांच्या दृष्टीने वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ते लंबगोल चेंडूच्या खेळाचे, त्यांच्या लाडक्या 'फूटी'चे मैदान असते. त्या दिवशी मेलबर्नकडून जॅक वॉट्स हा अठरा वर्षांचा मुलगा पहिला सामना खेळला. तो अजून शाळेत, बारावीच्या वर्गात होता. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू क्रमाक्रमाने निवडून घेण्याच्या प्रक्रियेत, त्याची निवड पहिल्या क्रमांकावर झाली होती आणि १९६४ नंतर एकदाही विजेतेपद न मिळालेल्या क्लबचे चाहते त्याच्याकडे तारणहार म्हणून पाहत होते. चेंडू त्याच्या हाती येताच कॉलिंगवूडच्या खेळाडूंनी त्याला चहूबाजूंनी घेरून जमिनीवर पाडले. ते दृश्य पुढे कित्येक वर्षे दूरचित्रवाणीवर पुन:पुन्हा दाखवले गेले आणि वॉट्सविषयीची प्रत्येक चर्चा तेथूनच सुरू होऊ लागली.

धडपडणाऱ्या तरुण आघाडीवीरावर टीका करावी की त्याला वेळ द्यावा, हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या चाहत्यांमधील वाद जवळजवळ प्रत्येक हंगामात नव्या नावाने उभा राहतो. नाव बदलते, क्लब बदलतो, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मात्र फारसे बदलत नाहीत. त्यांचे मूळ खेळाडूंच्या स्वभावात शोधण्यापेक्षा खेळाच्या इतिहासात शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

या खेळात एका संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात. लाथाडलेला चेंडू कोणालाही किंवा खांबाला न लागता मधल्या दोन उंच खांबांमधून पार गेला की गोल होतो आणि सहा गुण मिळतात. थोडक्यात हुकून चेंडू मधल्या खांबाला लागला किंवा मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर 'बिहाइंड'चा एकच गुण मिळतो. कोणीही लाथाडलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलणे म्हणजे 'मार्क' घेणे. मार्क घेणाऱ्याला कोणाचाही अडथळा न होता नेम धरून गोलावर लाथ मारण्याची संधी मिळते. आघाडीतील दोन कण्याच्या जागा, म्हणजे फुल-फॉरवर्ड आणि सेंटर हाफ-फॉरवर्ड, उंच आणि धिप्पाड खेळाडूंकडे असतात, आणि त्यांनाच 'की फॉरवर्ड' म्हणतात. मधल्या फळीतील खेळाडू एका सामन्यात वीस-तीस वेळा चेंडू हाताळतो, त्यामुळे त्याच्या चार चुका सहज झाकल्या जातात. की फॉरवर्डच्या वाट्याला चेंडू आठ-दहा वेळा येतो, आणि त्यांपैकी तीन वेळा तो हातातून निसटला तर ते स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेलाही दिसते. टीकेचा एक भाग असा या जागेच्या रचनेतच आहे.

दुसरा भाग स्मृतीचा आहे. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम झाला (हीच लीग १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते), आणि तेव्हापासून या खेळाच्या लोककथा मुख्यतः फुल-फॉरवर्डांच्याच आहेत. कॉलिंगवूडच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीने १९३७ मध्ये निवृत्त होताना १,२९९ गोल मागे ठेवले. तो विक्रम बासष्ट वर्षे टिकला. एसेंडनचा जॉन कोलमन १९४९ मध्ये पहिलाच सामना खेळला आणि त्यात त्याने १२ गोल केले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५४ मध्ये त्याची कारकीर्द संपली, तेव्हा ९८ सामन्यांत त्याचे ५३७ गोल झाले होते. साखळी फेरीत सर्वाधिक गोल करणाऱ्यास आज दिले जाणारे पदक त्याच्याच नावाचे आहे, त्यामुळे पंचविशीत थांबलेल्या एका असामान्य माणसाचे नाव दरवर्षी मापदंड म्हणून उच्चारले जाते. हा मापदंड मुळातच अन्यायकारक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण चाहत्यांच्या मनातून तो पुसणे कोणालाच शक्य झालेले नाही.

पुढे टोनी लॉकेट आला. सेंट किल्डा हा त्याचा क्लब तेव्हा तक्त्याच्या तळाशी असे, तरीही १९८७ मध्ये त्याने ११७ गोल केले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक विभागून मिळवले. १९९९ मध्ये सिडनीकडून खेळताना त्याने कॉव्हेंट्रीला मागे टाकले आणि अखेर १,३६० गोलांवर तो थांबला. 'संघ वाईट होता म्हणून गोल झाले नाहीत' या सबबीला जुनेजाणते चाहते लॉकेटचेच उदाहरण तोंडावर मारतात. उदाहरण खरे आहे. मात्र त्या काळचा खेळ वेगळा होता, हे सांगायचे राहून जाते. तेव्हा फुल-फॉरवर्डसमोर बहुधा एकच बचावपटू असे, दोघांभोवती मोकळे मैदान पसरलेले असे आणि मधल्या फळीतील प्रत्येक जण चेंडू डोळे मिटून त्यांच्याकडेच धाडत असे. १९९३ या एकाच हंगामात टोनी मोद्राने १२९, गॅरी अॅब्लेटने १२४ आणि जेसन डन्स्टॉलने १२३ गोल केले, यावरून त्या काळाची कल्पना यावी. (प्रेक्षक तेव्हाही मवाळ नव्हते. त्याच वर्षी सिडनीच्या मैदानावर लॉकेटच्या देहयष्टीची चेष्टा करण्यासाठी त्याचा ४ हा क्रमांक रंगवलेले एक डुक्कर सोडण्यात आले होते.)

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रशिक्षकांनी हे मोकळे मैदान बुजवले. आधी सगळ्या खेळाडूंना मागे खेचून बचावात गर्दी करण्याची पद्धत आली. मग माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा अडवून धरणारी, एकत्र सरकणारी जाळी आली. नंतर प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडून ठेवण्याचे डावपेच आले. उंच आघाडीवीराला आता एकाऐवजी दोन-तीन बचावपटूंच्या गराड्यात उडी मारावी लागते. नव्वदच्या दशकात संघाची सामन्यातील सरासरी शंभर गुणांच्या आसपास असे, ती अलीकडे ऐंशीच्या आसपास उतरली. हंगामात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू म्हणजे हॉथॉर्नचा लान्स फ्रँकलिन. २००८ च्या साखळीतील शेवटच्या फेरीत कार्लटनविरुद्ध त्याने शंभरी गाठली, आणि त्याच सामन्यात समोरच्या संघाचा ब्रेंडन फेव्होला ९९ वर अडकला. त्यानंतर कोणालाही शंभर गोल करता आलेले नाहीत. २०२१ मध्ये कार्लटनच्या हॅरी मॅके याला कोलमन पदक मिळाले ते ५८ गोलांवर.

फ्रँकलिनने ही मजल एकविसाव्या वर्षी मारली, आणि त्याच्यानंतरच्या तरुणांना याची किंमत चुकवावी लागली असे म्हणता येईल, कारण अपवादालाच नियम मानण्याची सवय तेव्हापासून पक्की झाली. त्याच हंगामात त्याने ११३ गोलांबरोबर ८८ बिहाइंडही केले होते, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विस्मरणात जाते.

या सगळ्यात ड्राफ्टची व्यवस्था वेगळी गुंतागुंत निर्माण करते. १९८६ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबला पहिली निवड मिळते. क्लबांमध्ये समतोल राहावा हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण उंच आघाडीवीराच्या बाबतीत त्याचा परिणाम विचित्र होतो : देशातील सर्वांत होतकरू की फॉरवर्ड नेमका अशा संघात जाऊन पडतो, जेथे मधली फळी दुबळी असते आणि आघाडीकडे चेंडू सर्वांत कमी व सर्वांत वाईट रीतीने पोहोचतो. त्यातच उंच मुलांची शरीरे भरायला वेळ लागतो. पंचविशीच्या बचावपटूशी अंगाला अंग भिडवण्याइतकी ताकद बहुतेकांना चार-पाच वर्षांनी येते. निवडीचा क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या नावाला चिकटलेला असतो. वॉट्सच्या बाबतीत तर दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टने निवडलेला निक नायतानुई पर्थमध्ये झेपावत असल्यामुळे 'आपण चुकीचा मुलगा घेतला' ही खंत मेलबर्नच्या चाहत्यांना दर आठवड्याला नव्याने होत असे.

मेलबर्नची त्या वर्षांतील अवस्था आकड्यांतच दिसते. २००८ मध्ये तीन विजय, २००९ मध्ये चार. जुलै २०११ मध्ये जीलाँगविरुद्ध १८६ गुणांनी पराभव. २०१२ मध्ये पुन्हा चार विजय आणि २०१३ मध्ये केवळ दोन. वॉट्सला नऊ हंगामांत डीन बेली, मार्क नील्ड, पॉल रूस आणि सायमन गुडविन असे चार प्रशिक्षक मिळाले, शिवाय मध्येच हंगाम सांभाळणारे दोन हंगामी. कोणी त्याला आघाडीत ठेवले, कोणी बचावात नेले, कोणी मधल्या फळीत फिरवले.

जीलाँगच्या टॉम हॉकिन्सची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. वडील जॅक हॉकिन्स त्याच क्लबचे खेळाडू असल्याने २००६ च्या ड्राफ्टमध्ये पिता-पुत्र नियमाखाली तो ४१ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ फुकटात मिळाला. पुढच्याच वर्षी या नियमात बोलीची पद्धत आणली गेली. हॉकिन्सवरही सुरुवातीची चार-पाच वर्षे सडकून टीका झाली. तो संथ आहे, ढिला आहे, एवढ्या देहाचा उपयोग करत नाही, असे म्हटले जाई. २००९ च्या अंतिम सामन्यात त्याचा एक फटका खांबाला घासून गेला असताना गोल दिला गेला. गोलांची चित्रफीत तपासण्याची पद्धत पुढे लागू झाली, तिच्या मागणीला या प्रसंगाने मोठे बळ दिले. २०११ च्या हंगामाच्या मध्यावर तो संघाबाहेर होता. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सहकारी जेम्स पॉडसियाडलीचा खांदा निखळला आणि आघाडीचा सगळा भार हॉकिन्सवर आला, तेव्हा त्याने तीन गोल करत सामना कॉलिंगवूडच्या हातून खेचला. पुढल्या वर्षी ६२ गोल, २०२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोलमन पदक, आणि २०२४ मध्ये निवृत्त होताना ३५९ सामने व ७९६ गोल.

हॉकिन्सला वेळ मिळाला, कारण त्याच्या सभोवतालचा संघ विजेतेपदे जिंकत होता आणि त्याच्या गोलांवाचून कोणाचे काही अडत नव्हते. संयम ही बहुतेक वेळा बलवान संघालाच परवडणारी चैन असते. म्हणूनच 'हॉकिन्सकडे पाहा, धीर धरा' हा चाहत्यांच्या वादातील नेहमीचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

पैशाचा मुद्दा टॉम बॉइडमुळे धारदार झाला. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर ग्रेटर वेस्टर्न सिडनीने घेतलेला हा आघाडीवीर अवघ्या एका हंगामानंतर वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला, आणि त्यासाठी सात वर्षांचा, सुमारे सत्तर लाख डॉलर्सचा करार झाल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले. बुलडॉग्जने बदल्यात आपला कर्णधार रायन ग्रिफन आणि ड्राफ्टमधील सहावी निवड दिली. बॉइड तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढची दोन वर्षे त्याच्या प्रत्येक सामन्यानंतर गोलांचा हिशेब डॉलरांत मांडला गेला. १ ऑक्टोबर २०१६ च्या अंतिम सामन्यात, शेवटची काही मिनिटे उरली असताना, बुलडॉग्जच्या डेल मॉरिसने, आता सिडनीकडून खेळणाऱ्या, प्रत्यक्ष फ्रँकलिनला पकडून पाडले. निसटलेला चेंडू बॉइडने उचलला आणि साठ मीटरच्या आसपास अंतरावरून रिकाम्या गोलकडे लाथाडला. चेंडू टप्पे घेत खांबांमधून गेला. तो त्याचा त्या दिवसाचा तिसरा गोल होता, आणि बुलडॉग्जला १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले. करार एका फटक्यात वसूल झाला, असे चाहते तेव्हा म्हणाले. पण पुढल्याच वर्षी बॉइडने मानसिक आरोग्याच्या कारणावरून खेळातून विश्रांती घेतली आणि मे २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, उरलेल्या करारावर पाणी सोडून तो निवृत्त झाला. त्यानंतर चाहत्यांच्या वादाचा सूर थोडा बदलला; 'व्यावसायिक खेळाडू आहे, पैसे घेतो, तर त्याने ऐकून घेतले पाहिजे' हे वाक्य पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारले जाईनासे झाले.

२०१४ चा पहिला क्रमांक, सेंट किल्डाचा पॅडी मॅकार्टिन, याच्या बाबतीत तर टीकेचा पायाच ठिसूळ होता. डोक्याला पुन:पुन्हा बसलेल्या धक्क्यांनी त्याची त्या क्लबमधील कारकीर्द ३५ सामन्यांत आटोपली, आणि तरीही दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्नने घेतलेल्या ख्रिश्चन पेट्राकाशी त्याची तुलना थांबली नाही. तेव्हा बुलडॉग्जकडून खेळणारा जमारा उगल-हेगन हा आदिवासी वंशाचा आघाडीवीर, २०२० चा पहिला क्रमांक, याला २०२३ मध्ये सामन्यादरम्यान प्रेक्षकांतून वांशिक शिवीगाळ सहन करावी लागली. पुढच्या सामन्यात पाच गोल करताना त्याने जर्सी उचलून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले. १९९३ मध्ये सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार याने वांशिक शिवीगाळीला उत्तर म्हणून व्हिक्टोरिया पार्क या कॉलिंगवूडच्या मैदानावर केलेल्या अशाच कृतीची ती जाणीवपूर्वक केलेली आठवण होती. हा टीकेचा प्रकार नव्हेच. परंतु 'प्रेक्षकाने पैसे मोजले आहेत, तो हवे ते बोलेल' या भूमिकेचे टोक कोठे जाते ते त्यातून दिसते.

मग टीका करावी तरी कशावर? जाणते चाहते आणि निवृत्त प्रशिक्षक याचे जे उत्तर देतात ते गोलांच्या आकड्यापलीकडचे आहे. तरुण की फॉरवर्ड योग्य वेळी मोकळ्या जागेकडे धावतो का; मार्क घेता आला नाही तरी बचावपटूलाही तो घेऊ न देता चेंडू जमिनीवर पाडतो का, म्हणजे पायाशी घुटमळणाऱ्या बुटक्या आघाडीवीरांना तो उचलता येईल; चेंडू हातचा गेल्यावर पाठलाग करून टॅकल करतो का. या गोष्टी संघ हरत असतानाही त्याच्या हातात असतात, आणि त्यांवरची टीका कठोर असली तरी रास्त असते. वॉट्सवरील टीकेतही हा रास्त अंश होता. अंगावर येणाऱ्या झटापटीत तो कचरतो, हा आक्षेप केवळ प्रतिस्पर्ध्यांचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या क्लबचे चाहतेही तो घेत असत. त्याची लाथ मात्र लीगमधील सुंदर लाथांपैकी एक मानली जाई.

१२ जून २०१७ रोजी पुन्हा क्वीन्स बर्थडेचा सोमवार होता, पुन्हा तेच मैदान आणि समोर तेच कॉलिंगवूड. शेवटच्या मिनिटांत वॉट्सने चेंडू घेतला, बचावपटूला चकवत धाव घेतली आणि विजयी गोल केला. मेलबर्न १०४, कॉलिंगवूड १००. आठ वर्षांपूर्वी ज्या टोकाच्या स्टँडमधून उसासे ऐकू आले होते, तेथे लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचत होते. चार महिन्यांनी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, मेलबर्नने त्याला पोर्ट अॅडलेडला देऊन टाकले. पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूच्या बदल्यात क्लबला ड्राफ्टमधील ३१ वी निवड मिळाली.