कृतीतून शिक्षण (पहिली-दुसरीचा वर्ग)

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलांनी वस्तू हाताळून, मांडून, मोडून आणि पुन्हा जुळवून शिकण्याची पद्धत. शासकीय कागदपत्रांत तिला कधी ‘कृतियुक्त अध्ययन’, तर कधी ‘ज्ञानरचनावाद’ म्हणतात. शाळेत मात्र ‘चला, साहित्य काढा’ एवढ्यावर भागते. साहित्य म्हणजे चिंचोके, गोट्या, बाटल्यांची झाकणे, आइस्क्रीमच्या काड्या, शंभर मण्यांची माळ, अक्षरकार्डे, खेळातल्या नोटा. या पद्धतीची चर्चा बहुतेक वेळा या वस्तूंभोवतीच फिरते. पण वस्तू दोघातिघांत मिळून वापराव्या लागतात, आणि त्या वेळी होणारे बोलणे, भांडणे, समजावणे हाच शिकण्याचा मोठा भाग असतो. म्हणून वर्गातल्या मैत्रीचा विचार या विषयापासून वेगळा काढता येत नाही.

दुसरीच्या वर्गातले काड्यांचे गठ्ठे हे याचे सगळ्यात ओळखीचे उदाहरण. दहा काड्यांना रबर लावला की झाला दशक. उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक. समजा, बत्तीसमधून सतरा वजा करायचे आहेत. फळ्यावर आडवी रेघ मारून हे गणित दिले की बरीच मुले सातातून दोन वजा करून मोकळी होतात आणि उत्तर पंचवीस काढतात. काड्या समोर असल्या की तसे करता येत नाही. सुट्या दोनच आहेत, सात कुठून देणार? एक जण नुसता गठ्ठ्यांकडे बघत राहतो. शेजारची म्हणते, ‘रबर काढ ना.’ तो तयार नसतो, कारण गठ्ठा त्याने स्वतः बांधलेला असतो. थोडी ओढाताण होते, रबर निघतो, बारा सुट्या होतात, त्यांतल्या सात बाजूला जातात. पाच उरल्या म्हणून दोघे आनंदात असतात, तेवढ्यात तिसरा सांगतो की एक गठ्ठा द्यायचा राहिलाच आहे. मराठीत ‘हातचा’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बहुतेकांच्या लेखी तो वहीच्या कोपऱ्यात लिहिलेला एकचा आकडा असतो. इथे तो खरोखर हातात येतो.

मराठी संख्यानामांची अडचण इथेच दिसते. तिसाला एक कमी म्हणून ‘एकोणतीस’ हे मोठ्या माणसाला ठीक वाटते, पण मुलाच्या समोर दोन गठ्ठे आणि नऊ काड्या असतात. त्यांत तीस कुठेच नसते. ‘त्रेसष्ट’मध्ये तर जोडाक्षरही आले आणि तीन आधी, साठ नंतर असा उलटा क्रमही आला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. भाषेवर घाला आला, असे अनेकांना वाटले. पुस्तक तयार करणाऱ्या समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. ज्याने मुलांना गठ्ठे मोजताना ऐकले आहे त्याला या रीतीचे फारसे नवल वाटू नये. मुले आपापसांत तसेच म्हणतात, ‘दोन गठ्ठे आणि एक.’

पद्धतीची मुळे युरोपात सांगितली जातात: फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेली बालशाळा, मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत उघडलेले बालगृह. महाराष्ट्रात ती आली ती गुजरातमधल्या भावनगरमार्गे. तिथे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी बरोबर काम केले, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरी बालमंदिरांतली महाग साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले.

कोसबाडचा अनुभव या विषयात फार महत्त्वाचा आहे. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच साधन झाले, हा त्यातला सर्वांना माहीत असलेला भाग. त्याहून मोठी गोष्ट अशी की मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर मुलांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात सापडले. सहा-सात वर्षांची मुलगी येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड आहे. मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरे आहेत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र करून ‘विकासवाडी’ उभी राहिली, गुराख्यांसाठी कुरणावर ‘कुरणशाळा’ भरू लागली आणि बालवाडी थेट पाड्याच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ते अंगण आहे. मूल एकटे शिकायला येत नाही, कोणाबरोबर तरी येते, हे तिथे ध्यानात आले ते पोथीतून नव्हे. लीलाताई पाटील यांचे कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय (१९८५) ही याच वाटेवरची आणखी एक शाळा.

या वयातली मैत्री मोठ्यांच्या मैत्रीसारखी नसते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतली ‘समांतर खेळ’ ही पायरी पहिलीच्या वर्गात जूनमध्ये अजून हमखास दिसते. दोन मुले एकाच सतरंजीवर, एकाच ढिगातून झाकणे घेतात आणि दोघांचे दोन वेगळे किल्ले उभे राहतात. मित्र कोण, तर शेजारी बसतो तो. खोडरबर देते ती मैत्रीण. दिला नाही की करंगळी पुढे, कट्टी. मधल्या सुट्टीत बट्टीही होऊन जाते. बोर किंवा चिक्कीचा तुकडा सदऱ्याच्या टोकात धरून ‘चिमणीच्या दाताने’ तोडायचा, म्हणजे उष्टे होत नाही, हा नियम कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तरी वस्तू एक आणि वाटेकरी दोन या प्रश्नाचे मुलांनी स्वतः काढलेले ते उत्तर आहे. दिवाळीनंतरच्या सत्रात त्याच दोघांचा किल्ला बहुधा एक झालेला असतो.

खेळातला आणखी एक शब्द गटकार्यात उपयोगी पडतो: लिंबू-टिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. खेळात ही माया आहे. वर्गात मात्र तीच घातक ठरते. चारांच्या गटात एक चटपटीत मूल सगळे मांडते, दोघे बघतात, आणि चौथा साहित्याला हातही न लावता ‘गटात’ असतो. बाईंनी विचारले की उत्तर चटपटीत मुलाकडून येते आणि गटाला शाबासकी मिळते. म्हणून अनुभवी शिक्षक चारापेक्षा दोघांची जोडी पसंत करतात, किंवा एकाने सांगायचे आणि दुसऱ्यानेच मांडायचे, असा नियम घालतात.

कोणी कोणाशेजारी बसायचे, ही आपल्याकडे कधीच निरागस गोष्ट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळेचा नोकर त्याला हात लावत नसल्यामुळे ते गोणपाट त्यांना रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. कायद्याने ते संपले. पण मुलांवर सोडले तर गट अजूनही बऱ्याचदा आळी, वाडी आणि आडनाव यांप्रमाणे पडतात. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे हे तर ठरलेलेच. काड्यांच्या रंगांवरून किंवा चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची साधी युक्ती त्यामुळे केवळ गंमत राहत नाही.

वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत ही पद्धत हौसेची नसून गरजेची आहे. एक शिक्षक, दोन-तीन इयत्ता. एका गटाला शिकवताना दुसऱ्याने काय करायचे? आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी यावर कार्डांची ‘शिडी’ तयार केली. मूल आपल्या पायरीचे कार्ड घेते आणि कार्डावरच्या खुणेप्रमाणे शिक्षकाजवळ, सोबत्यांबरोबर किंवा एकटे बसते. तमिळनाडूने २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत ती रीत आणली आणि पुढे राज्यभर नेली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) गाजले. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांत झालेले काम बघायला राज्यभरातून शिक्षक येत. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून वर्गाच्या फरश्या रंगल्या: संख्यारेषा, बाराखडीचे तक्ते, सापशिडी.

रंगवणे सोपे होते. कुमठ्यात पाहण्यासारखे होते ते मुलांचे आपापसांतले बोलणे, पण फोटोत फरशी येते, बोलणे येत नाही. कित्येक शाळांत साहित्य ‘मोडेल’ म्हणून कपाटात गेले आणि तपासणीच्या दिवशी बाहेर आले. गलका हीदेखील खरी अडचण आहे. पत्र्याच्या शेडमध्ये पहिली आणि तिसरी पाठीला पाठ लावून बसत असतील, तर गोट्यांचा आवाज तिसरीच्या पाढ्यांत मिसळतो. पालकही संध्याकाळी वही उघडून विचारतात, आज काय लिहिलं? काड्यांच्या गणिताचे वहीत काहीच उरत नाही.

कायदा या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानून बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधली भिंत निदान कागदावर पाडली. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीत घातली गेली, त्यांतली बहुतेक मुले शेजारी कोणी न बसताच दुसरीत गेली. डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथीचे वर्ग भरू लागले तेव्हा दुसरीच्या वर्गात अक्षरओळखीइतकाच कामाचा विषय होता खडू मागून घेणे.

मूल्यमापनात मैत्रीला जागा आहे, ती वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने निरीक्षण लिहायचे ठरले. अशा नोंदींच्या तयार पुस्तिका लवकरच दुकानांत मिळू लागल्या. ‘गटात मिसळतो’, ‘मित्रांना मदत करतो’ ही वाक्ये त्यांतलीच. एका हजेरीपटावर ती वीस-वीस मुलांपुढे एकाच शाईत सापडतात.