गप्पी हे एक आडनाव आहे

जूनच्या पहिल्या आठवड्यात पालिकेचा माणूस आमच्या सोसायटीत बादली घेऊन आला. मागे एक जुनी विहीर आहे, पाणी कुणी वापरत नाही, त्यामुळे दर पावसाळ्याआधी तिच्यात गप्पी मासे सोडतात. पोरांचा गराडा पडला. एकीने विचारलं, "काका, हे गप्पा मारतात का?" काका तयारीचे होते. "मारतात की, पण पाण्याखाली!"

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ज्ञान पुरवलं : डासाची अळी 'गप्'कन गिळतो म्हणून गप्पी. सत्तावीस अंगठे वर. मी लिहिलं की हे एका इंग्रजाचं आडनाव आहे, तर माझ्या वाट्याला फक्त हसणारे चेहरे आले. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी हा गृहस्थ १८३६ साली लंडनमध्ये जन्मला आणि पुढे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर स्थायिक झाला. नोकरी शाळा तपासण्याची, नाद शंखशिंपल्यांचा आणि जीवाश्मांचा. तिथल्या ओढ्यांतले छोटे रंगीत मासे त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या आल्बर्ट गुंटर या मत्स्यतज्ज्ञाने १८६६ मध्ये त्यांचं नामकरण केलं : गिरार्डिनस गप्पी. पण बर्लिनच्या विल्हेल्म पेटर्सने हाच मासा व्हेनेझुएलाहून मिळवून १८५९ मध्येच त्याला नाव देऊन ठेवलं होतं. जीवशास्त्रात आधी दिलेलं नाव टिकतं, त्यामुळे शास्त्रीय दप्तरात आज हा मासा पोसिलिया रेटिक्युलाटा आहे. गुंटरचं नाव बाद झालं, आडनाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

आता हे आडनाव कुठून आलं? इंग्लंडच्या नैऋत्येला, समुद्रकाठी डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला वुटन फिट्झपेन गावाच्या हद्दीत गप्पी नावाची जागा आहे. नावांचे अभ्यासक त्याची फोड अशी करतात : जुन्या इंग्रजीतलं 'गुप्पा' हे माणसाचं नाव, आणि पुढे कुंपण घातलेल्या जागेसाठीचा शब्द. म्हणजे गुप्पाचं कुंपण. आजच्या इंग्रजी तोंडात त्या गुप्पाचा उच्चार 'गप्पा' असाच झाला असता. विहिरीकाठची ती मुलगी ग्रुपवरच्या पंडितांपेक्षा सत्याच्या जास्त जवळ होती.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू रुजली. आधी जहागीरदारांत, मग शहरांत, आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक सामान्य लोकांतही. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. एका छोट्याशा जागेवरून आलेल्या आडनावाचं तसं नसतं. ते एकदा, फार तर दोनदा उगवतं. आणि बहुतेकदा त्या जागेतून बाहेर पडलेल्या माणसाला ते चिकटतं, कारण गावात सगळेच त्या गावचे! पंढरपुरात राहणाऱ्याला पंढरपूरकर म्हणून कोण हाक मारेल? तो सोलापुरात गेला की पंढरपूरकर होतो. गप्पींचंही तसंच. तिथून निघालेल्या कुणा एकाला शेजारच्या गावाने 'गप्पीचा' म्हटलं आणि ते पोराबाळांना लागलं. डॉर्सेट आणि आसपासचा मुलूख हीच अजूनही या आडनावाची मायभूमी मानतात.

गंमत अशी, की इंग्रजी आडनावांचा भूगोल पहिल्यांदा शिस्तीत मांडणारा माणूसही एक गप्पीच होता. हेन्री ब्रॉम गप्पी, जन्म १८५४. नौदलात डॉक्टर, सॉलोमन बेटांवर प्रवाळांचा आणि बियांच्या प्रवासाचा अभ्यास केलेला. त्याने १८९० मध्ये ब्रिटनमधल्या कुटुंबनामांच्या घरांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. युक्ती साधी होती. व्यापारी हिंडतो, मजूर कामामागे जातो, शेतकरी मात्र जमिनीला धरून असतो. म्हणून त्याने व्यवसाय-सूच्यांमधून प्रत्येक परगण्यातले फक्त शेतकरी मोजले आणि दर दहा हजारांत कोणतं आडनाव किती वेळा येतं ते काढलं. मग सहा वर्ग पाडले. एका टोकाला तीस-चाळीस परगण्यांत पसरलेली 'सर्वसाधारण' नावं, दुसऱ्या टोकाला जवळपास एकाच परगण्यात अडकलेली 'खास' नावं. बियांचा प्रसार पाहणाऱ्या डोळ्यांनी त्याने आडनावांचा प्रसार पाहिला.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. दुर्मिळ आडनाव दुर्मिळ का राहतं, आणि नाहीसं का होतं?

फ्रान्सिस गाल्टन, चार्ल्स डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा, याने १८७३ मध्ये एका शैक्षणिक मासिकात हा प्रश्न कोडं म्हणून टाकला. नामांकित घराणी निर्वंश होताना दिसतात. लोक म्हणत, ऐषारामाने त्यांचं बीजच कमजोर होतं. गाल्टनच्या वंशशुद्धीच्या कल्पना पुढे विषारी ठरल्या, पण इथे त्याने विचारलेला प्रश्न चोख होता : कुणात काहीही खोट नसताना, निव्वळ योगायोगाने किती आडनावं बुडतील?

करून पाहू. एका बेटावर २७ पुरुष उतरले, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. नियम असा धरू, की एक तृतीयांश पुरुषांना मोठा होणारा मुलगाच नाही, एक तृतीयांशांना एक, एक तृतीयांशांना दोन. (मुली आहेतच, पण या जुन्या इंग्रजी रिवाजात आडनाव त्यांच्यामागे जात नाही.) सरासरी माणशी एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या ना वाढते ना घटते. पहिल्या पिढीतच ९ आडनावं गेली. दुसऱ्या पिढीअखेर एकूण १३ गेलेली असतील. पाचव्या पिढीला १८, दहाव्या पिढीला २१-२२. दहा पिढ्या म्हणजे साधारण तीनशे वर्षं. कुणी आजारी नाही, युद्ध नाही, दुष्काळ नाही, लोकसंख्या तेवढीच, आणि पाचातली चार आडनावं गायब! उरलेल्या पाचसहा आडनावांनी सगळं बेट व्यापलंय.

गणिताचा तिटकारा असलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडावेत. मला ते गाळवत नाहीत. एका माणसाचा वंश कधी ना कधी खुंटण्याची शक्यता 'क्ष' धरा. त्याला मुलगा नसेल तर वंश खुंटलाच. एक असेल तर त्या मुलाचा खुंटण्याची शक्यता क्ष. दोन असतील तर दोघांचेही खुंटायला हवेत, म्हणजे क्ष गुणिले क्ष. वरच्या बेटावर म्हणून क्ष = (१ + क्ष + क्ष²) ÷ ३. सोडवलं की उत्तर एकच निघतं : क्ष = १. पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक वंश खुंटणारच.

आता लोकसंख्या वाढू द्या. पाव पुरुषांना मुलगा नाही, पाव जणांना एक, अर्ध्यांना दोन. सरासरी सव्वा मुलगा. समीकरण होतं २क्ष² − ३क्ष + १ = ०. याची उत्तरं दोन : १ आणि १/२. खरं उत्तर त्यातलं लहान, म्हणजे निम्मी आडनावं बुडतात आणि निम्मी कायमची तरतात. गाल्टनचं कोडं सोडवायला घेणाऱ्या रेव्हरंड हेन्री वॉटसनने नेमकी इथे चूक केली. १८७४ मध्ये गाल्टनसोबत छापलेल्या लेखात त्याने फक्त १ हे उत्तर पाहिलं आणि सगळीच आडनावं शेवटी बुडणार असा निकाल दिला. वाढत्या लोकसंख्येत ते खरं नाही. फ्रान्सच्या बिएनेमे या गणितज्ञाने १८४५ मध्येच योग्य उत्तर सांगितलं होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पुढे लोकसंख्येचा अभ्यासक आल्फ्रेड लोटका याने अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांना होणाऱ्या मुलग्यांचे खरे आकडे घातले. लोकसंख्या चांगली वाढत असूनही एका पुरुषापासून निघालेला वंश खुंटण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के निघाली.

हेच समीकरण आज नव्या साथीचा पहिला रुग्ण आणि अणुभट्टीतला पहिला न्यूट्रॉन यांनाही लावतात.

म्हणजे मध्ययुगातला गुप्पाच्या कुंपणाचा तो एकटा माणूस फासे टाकत होता. पहिल्या काही पिढ्याच जीवघेण्या असतात. आमच्या बेटावर एकट्याचं आडनाव दहा पिढ्यांत बुडण्याची शक्यता ८० टक्के. त्याच आडनावाचे तीस जण सुरुवातीला असते, तर सगळेच बुडण्याची शक्यता हजारात एक. स्मिथ टिकले यात त्यांचा पराक्रम नाही. ते सुरुवातीलाच शेकडो होते. म्हणून आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालून भाग्य उजळवणाऱ्या अंकशास्त्र्यांना माझं सांगणं आहे, की आडनावाच्या भाग्याचं गणित दीडशे वर्षांपूर्वीच मांडून झालंय आणि त्यात स्पेलिंगला जागा नाही. तीच गोष्ट 'तुमच्या आडनावाची राजमुद्रा' म्हणून ढालीवरच्या घराण्याच्या चिन्हाच्या चौकटी विकणाऱ्या इंग्रजी दुकानांची. इंग्लंडच्या कायद्यात मुद्रा माणसाला मिळते आणि त्याच्या वारसांकडे जाते. आडनावाला मुद्रा नसतेच.

बापाकडून मुलाकडे जाणारी आणखी एक गोष्ट आपल्या पेशींत असते : वाय गुणसूत्र. आडनाव आणि वाय एकाच वाटेने चालत असतील, तर एका आडनावाच्या पुरुषांचं वायही सारखं हवं. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे वाय ताडून पाहिले. स्मिथांचे वाय रस्त्यावर भेटलेल्या कुणाही दोघांसारखे, एकमेकांशी नातं नसलेले. पण अॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात (हे मूळ नॉटिंगहॅमशायरमधल्या एका गावाचं नाव) बहुसंख्य पुरुषांचं वाय एकाच घराण्यातलं. जितकं आडनाव दुर्मिळ तितकी भाऊबंदकी खरी. अपवाद येतात ते दत्तक, नाव बदल, आईचं आडनाव लावणं, आणि ज्याची नोंद कुठल्याच चर्चच्या वहीत नसते अशा भानगडींमुळे. इंग्लंडचा मेलेला राजा तिसरा रिचर्डही यातून सुटला नाही. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला. आईकडचा डीएनए वंशजांशी जुळला, पण वंशावळीप्रमाणे जुळायला हवं होतं ते वाय जुळलं नाही.

आणि आता पुन्हा मासा. कोपनहेगनचा योहानेस श्मिट, ईल माशांच्या जन्मस्थानाच्या शोधात समुद्र पालथे घालणारा, १९२० मध्ये गप्पी पैदा करत होता. काही नरांच्या पाठीवरच्या पराला काळा ठिपका होता. त्यांचे सगळे मुलगे ठिपक्याचे. ते मुलगे दुसऱ्या घराण्यातल्या, ठिपक्याशी संबंध नसलेल्या माद्यांना दिले, तरी नातू ठिपक्याचेच. मुलींत ठिपका कधी दिसला नाही, मुलींमार्फत पुढे गेलाही नाही. वाय गुणसूत्रावरून एखादा गुण जातो याचं हे अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक. इंग्रजी आडनाव लावणारा मासा आपलं 'आडनाव' अंगावर गोंदवून फिरतो! त्याच शहरातल्या ओइविंद विंगेने पुढे दाखवलं, की काही रंगांची जनुकं क्वचित वायवरून उडी मारून, मुलींनाही मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर जातात. आजोबाचं आडनाव मुलीच्या मुलाने लावावं, तसं.

फरक एकच. त्रिनिदादच्या ओढ्यांत संशोधकांनी नरांच्या रंगांचं प्रमाण मुद्दाम बदलून पाहिलं, तर ज्या ठेवणीचे नर कमी होते ते जास्त जगले. मादीलाही अनोळखी रंगाचा नर जास्त आवडतो. तिथे दुर्मिळ असणं फायद्याचं, त्यामुळे नामशेष होऊ घातलेली ठेवण पुन्हा वर येते. माणसांत 'आडनाव दुर्मिळ आहे, मुलगा चांगला असेल' असं म्हणून स्थळ पसंत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

एक सूचना जाता जाता. बादलीतले उरलेले गप्पी ओढ्यात ओतू नका. ते पिलांनाच जन्म देतात, झपाट्याने वाढतात आणि इथल्या छोट्या माशांच्या मुळावर येतात. अळ्या खाणारे मासे आपल्या ओढ्यांत मुळातच आहेत.

सप्टेंबरात मी विहिरीत डोकावलो. जूनमध्ये बादलीत निळे, पिवळे, ठिपक्यांचे असे चारपाच तऱ्हांचे नर दिसले होते. आता पाण्यात पिलांचा नुसता खच होता, आणि वर आलेल्या नरांत शेपटीला नारिंगी पट्टा असलेले मी अकरा मोजले. ठिपक्याचा एक दिसला. निळा दिसला नाही.