साथरोग अधिनियम, १८९७

साथीच्या काळात शासनाला असाधारण अधिकार देणारा, इंग्रजी अमदानीत झालेला आणि आजही लागू असलेला भारतातील कायदा. मूळ कलमे अवघी चार.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात तापाचे रोगी तपासताना मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. माणसे जीव घेऊन शहराबाहेर पळाली, तशी साथही मुलखात पसरली. कलकत्त्याच्या कौन्सिलात घाईने विधेयक आले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कायदा झाला.

दुसऱ्या कलमात प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे एवढेच मोघम लिहिले आहे. प्रत्यक्षात उतारूंना फलाटावर चारचौघांत उभे करून काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपले जाई. त्यातून बायकाही सुटल्या नाहीत. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याचे सोजीर माजघर, देवघर न बघता घरांत शिरत. त्यांच्यावर दावा लावायचीही सोय नव्हती, कारण सद्‌हेतूने केलेल्या कृतीला चौथ्या कलमाचे संरक्षण होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

रोग्याला औषधपाणी कोणी द्यायचे, याबद्दल कायदा गप्प आहे. नुकसानभरपाईचा उल्लेख येतो, तोही ‘असल्यास’ या शब्दाला टेकून. औषधपाण्याची बाजू लोकांनीच उचलली. हडपसरजवळ आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्राने राज्यांना हेच दुसरे कलम लागू करायला सांगितले. महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या शाईसारखा न पुसणारा शिक्का उमटू लागला. मात्र २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी निघाली ती आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली. जुन्या कायद्यात केंद्राच्या हाती बंदरे आणि जहाजे यांपलीकडे फारसे काही नव्हते. बस, रेल्वे आणि विमाने २०२० च्या दुरुस्तीने आली.

तोवर आदेश मोडणाऱ्यावर ‘१८८ लावणे’, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या सरकारी आदेशभंगाच्या कलमाखाली गुन्हा नोंदवणे, हा पोलिसांचा ठरलेला इलाज होता. डॉक्टर, परिचारिकांवर हल्ले होऊ लागल्यावर २२ एप्रिलला अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. हल्लेखोराला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. या दुरुस्तीने ‘हिंसाचार’ आणि ‘आरोग्यसेवक’ यांच्या व्याख्या घातल्या. ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे कोणता, हे मात्र तेव्हाही लिहिले नाही. विधी आयोगाने २०२४ मधील २८६ व्या अहवालात हा कायदा नीट दुरुस्त करावा किंवा नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस केली.