लॅब रिपोर्टवरून साथीची चाहूल

लॅबमधल्या तपासण्यांचे आकडे गावनिहाय रोज बघत राहायचं आणि साथ पसरायच्या आधीच ती पकडायची, अशी ही पद्धत. आपल्याकडे २००४ मध्ये आयडीएसपी म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात उपकेंद्राच्या सिस्टरचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी आणि लॅबचा एल फॉर्म. आधी हे आठवड्याला जायचं, २०२१ मध्ये आयएचआयपी हे ऑनलाइन माहिती भरायचं पोर्टल आलं तेव्हापासून रोज भरायचं असतं.

नुसते पॉझिटिव्ह मोजून भागत नाही. गावात शिबिर लागलं की तपासण्या वाढतात अन् केसेसही वाढल्यासारख्या दिसतात, म्हणून शंभरातले किती पॉझिटिव्ह ते बघतात. आणि रजिस्टरमध्ये गावाचं नाव पाहिजेच, नुसतं तालुक्याचं लिहिलं तर फवारणी करायची कुठं?

विदर्भातल्या खेड्यांत घोडं अडतं ते वेळेत. डेंगीची एनएस१, म्हणजे रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांतच कामाची, पुढं आयजीएम म्हणजे अँटिबॉडी शोधणारी करावी लागते, त्यात एलिसा या लॅबमधल्या पद्धतीची बरेच नमुने एकदम तपासणारी प्लेट दोन-चार नमुन्यांसाठी लावणं परवडत नाही म्हणून नमुने साचायची वाट बघतात आणि रिपोर्ट येईस्तोवर पेशंट सोयाबीन काढायला शेतात गेलेला असतो. प्रायव्हेट लॅबमधलं रॅपिड कार्ड पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी हिशोबात ते 'संशयित'च. नोंदीसाठी ठीक आहे हो, पण इशाऱ्यासाठी कच्चा आकडाही चालतो. एकाच टोल्यावरचे, म्हणजे छोट्या वस्तीवरचे तीन कार्ड पॉझिटिव्ह निघाले तर टाक्या-रांजण तपासायला एलिसाची वाट कशाला बघायची? गडचिरोलीत मलेरियाचं रॅपिड किट आशाताईजवळच असतं, पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो, पण नाल्याला पूर आला नि नेटवर्क गेलं की तो आकडा तिच्या डायरीतच राहतो.

निगेटिव्ह रिपोर्टकडे मात्र फार कुणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी खबर तिथंच असते. मलेरिया नाही, डेंगी नाही, तरी तापाचे पेशंट वाढतच चालले, म्हणजे दुसरंच काहीतरी फिरतंय. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला, त्याला गावाचंच नाव पडलं, आणि २००३ मध्ये आंध्र-महाराष्ट्रात मुलांना मेंदूज्वर झाला त्यामागं हाच निघाला. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच पेशंट निघाले, हा झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो, अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरला शंका येते, नाहीतर त्याची वेगळी टेस्ट सांगितल्याशिवाय लॅबमध्ये तो दिसतच नाही.