भगंदराचा बोगदा आणि फसफसणारं पाणी

एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलेलं असतं: 'मूळव्याध, फिशर, भगंदर. विनाऑपरेशन कायमचा इलाज.' तीन वेगळे आजार, ब्रशचा एकच फटकारा. त्यातलं भगंदर बरं करायचं तर आधी त्याचा नकाशा लागतो. तो काढायची एक तऱ्हा मला भलतीच आवडते.

गुदद्वाराच्या थोडं आत बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबते, पू साठतो आणि वाट काढत बाहेर कातडीला भोक पाडतो. आतलं तोंड, बाहेरचं तोंड आणि मधला बोगदा म्हणजे भगंदर. बोगदा उघडून साफ करता येतो, पण तो बऱ्याचदा शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंतूनच गेलेला असतो. स्नायू जास्त कापला गेला तर ताबा जातो आणि आतलं तोंड राहून गेलं तर दुखणं पुन्हा उपटतं. सुश्रुतसंहितेतल्या पाच प्रकारांपैकी एकाचं नावच शंबूकावर्त, शंखाच्या वेढ्यांसारखा. चाचपायला तेव्हा एषणी, म्हणजे सळई होती. सळई सरळ, वाट वाकडी; जोर लावला की नवीच वाट पडते.

१९८९ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातून आतून करायच्या सोनोग्राफीचं वर्णन प्रसिद्ध झालं. बोटाएवढा प्रोब आत सरकवतात, त्यातला ध्वनी सोडणारा स्फटिक गरगर फिरतो आणि चहूबाजूंचं चित्र येतं. १० मेगाहर्ट्झच्या ध्वनीची शरीरातली तरंगलांबी साधारण ०.१५ मिलिमीटर, त्यामुळे बारकावे छान दिसतात. आतला स्नायू काळं कडं, बाहेरचा करडा. पण पंचाईत अशी की बोगदाही काळपट आणि जुन्या ऑपरेशनचा व्रणही काळपट!

मग बाहेरच्या तोंडातून एक-दोन मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. सायकलवरून पडल्यावर गुडघ्यावर ओतलं की पांढरा फेस यायचा ना, तेच. आपल्या पेशींतलं कॅटॅलेज हे विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. तीन टक्क्यांच्या एका मिलिलिटरातून सुमारे दहा मिलिलिटर वायू निघतो.

एरवी वायू हा सोनोग्राफीचा वैरी. ध्वनी किती परत फिरणार हे दोन माध्यमांच्या ध्वनिरोधातल्या फरकावर ठरतं. हा रोध म्हणजे घनता गुणिले ध्वनीचा वेग. मांसाचा रोध वायूच्या काही हजार पट, म्हणून त्यांच्या सीमेवर ९९.९ टक्के ऊर्जा माघारी येते. पोटावर चिकट जेल फासतात तेही मधली हवा घालवायलाच. तरंगलांबीहून लहान बुडबुड्यांना हा सपाट सीमेचा हिशेब लागू नाही, पण ते सहज दबतात-फुगतात आणि ध्वनी जोरात विखुरतात. वाहता बोगदा पांढराशुभ्र उजळतो. व्रणात द्रव शिरतच नाही, तो काळाच राहतो.

मात्र त्याच बुडबुड्यांच्या मागे सावली पडते आणि दूरवरच्या फांद्या निसटतात. तिथे एमआरआय सरस. २००४ सालच्या १०४ रुग्णांच्या एका अभ्यासात आतलं तोंड सोनोग्राफीने ९१ टक्के वेळा बरोबर सांगितलं, एमआरआयने ९७.

रिपोर्टात जागा घड्याळाच्या काट्यांनी लिहितात: उताणं झोपवल्यावर बारा पुढच्या बाजूला, सहा माकडहाडाकडे. 'आतलं तोंड ६ वाजता' वाचून आमच्या ओळखीतल्या एका काकांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "सकाळी की संध्याकाळी?"