तार दात सरकवते, पण दाताची रुंदी?

दीड-दोन वर्षं तारा लावून दात रांगेत येतात, तरी कधी कधी वरच्या पुढच्या दातांशेजारी बारीक फट राहून जाते. ती मिटवली, तर खालचे दात दाटी करतात. मग घरचे मुलाला ओरडतात, नाहीतर डॉक्टरांवर नाराज होतात. बऱ्याचदा चूक दोघांचीही नसते. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचा मेळच बसत नसतो.

तार दात सरकवते, वळवते, पण त्याला रुंद करू शकत नाही. पटाशीच्या कायमच्या दातांचा दिसणारा भाग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत जबड्याच्या आतच घडून झालेला असतो. पुढे जबडा वाढतो, दाताची रुंदी तेवढीच राहते.

वरची कमान खालच्या कमानीवर डब्याच्या झाकणासारखी बसते. म्हणजे खालच्या दातांच्या रुंदीची बेरीज कमी हवी. पण नेमकी किती? अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात रांगेत आणणारे डॉक्टर, वेन बोल्टन यांनी उत्तम जुळणाऱ्या दातांचे ५५ नमुने मोजले आणि १९५८ साली उत्तर दिलं. सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचे खालचे सहा दात वरच्या सहांच्या सरासरी ७७.२ टक्के भरतात. दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढा धरून बारा दात मोजले, तर हे प्रमाण ९१.३ टक्के येतं.

समजा, खालच्या सहा दातांची बेरीज ३७ मिलिमीटर आहे. वर साधारण ४८ हवेत, आणि भरतात ४५. आता दाढा कितीही नेमक्या बसवल्या तरी वर तीन मिलिमीटर कमीच पडणार. असा तुटवडा बहुधा मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारच्या दातांमुळे येतो. त्यांचा आकार माणसागणिक फार बदलतो. काहींचे तर खुंटीसारखे निमुळते असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोजून जागा ठेवायची आणि दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट (दाताला चिकटणारं भरण) लावून त्यांना रुंद करायचं, हा मला सर्वांत सरळ उपाय वाटतो.

उलट खालचे दात हवे त्यापेक्षा किंचितच जास्त रुंद असतील, तर दोन दातांमधलं एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) बारीक पट्टीने घासतात. एका फटीत साधारण अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. ‘दात घासून कमी करणार’ म्हटल्यावर लोक धास्तावतात, पण योग्य मर्यादेत हे सुरक्षित आहे.

हे मोजमाप तारा लावण्याआधीच व्हायला हवं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पूर्वी प्लास्टरच्या साच्यावर कॅलिपर लावून ते करत, आता तोंडाच्या स्कॅनवरून संगणक आकडे काढून देतो. कॉम्पोझिट लागणार असेल, तर त्याचा खर्च घरच्यांना पहिल्याच भेटीत कळतो. अर्थात ७७.२ ही सरासरी आहे. पुढचे दात किती जाड आहेत, किती कललेले आहेत, यावरही जुळणी ठरते. त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकासाठी लगेच दात घासायला घेत नाहीत.